उन्हाळ्यातलं परस: पहिल्या पावसाआधी उरकायची कामं

उन्हाळ्यात बाग फक्त जगवायची, खरं काम पावसाळ्यात, असं खूप जण म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही. आपल्याकडे पाऊस एकदा लागला की चार महिने मातीत हात घालता येत नाही, चिखल, गवत, डास, गोगलगायी आणि वरून धार सुरूच. खड्डे, मांडव, खत, पन्हळ, चर ही सगळी कामं होळीपासून मेपर्यंत झाली तरच होतात. मुंबई-ठाण्यात मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून धरतात, पण २०२५ ला तो २६ मेलाच मुंबईत येऊन ठेपला आणि ज्यांनी मेच्या शेवटच्या आठवड्यावर कामं ढकललेली त्यांची सगळी तशीच राहिली. म्हणून २० मे ही डेडलाइन धरा, त्यानंतर जे दिवस मिळतील ते बोनस.

हे मी आमच्या ठाण्यातल्या कोलशेतच्या गावठाणातल्या घराच्या हिशोबाने लिहितेय, म्हणजे पुढे अंगण, मागे परस, एक जुनी विहीर, आंबा, नारळ, शेवगा आणि चहूबाजूंनी टॉवर. पण नवी मुंबईत घणसोली, करावे, दिवाळे, बेलापूर गाव, इकडे ठाण्यात ओवळे, येऊर, कुठेही घरामागे तुकडाभर जमीन असेल तर यातलं बहुतेक लागू पडेल. टेरेसवाल्यांनी आपल्या ड्रम-कुंड्यांना जमेल तेवढं उचला.

आधी पाणी, कारण एप्रिलमध्ये ठाण्यात पारा कधीकधी चाळिशीला टेकतो आणि पाणीकपातही नेमकी तेव्हाच लागते. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट. त्याने वरची दोन इंच माती ओली होते, मुळं वरच्या वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं. त्यापेक्षा जमिनीतल्या झाडांना दोन-तीन दिवसांनी द्या पण पोटभर द्या, पाणी खाली वीतभर तरी उतरलं पाहिजे. मोठ्या झाडाचं आळं खोडाला चिकटून करू नका, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे गोल करा, पाणी ओढणारी बारीक मुळं तिथे असतात, खोडाशी पाणी साचलं तर साल कुजते एवढंच होतं. वेळ सकाळी ८ च्या आतली. संध्याकाळीही चालतं पण मुळाशी द्या, रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी येते. पाणी हवंय की नाही ते बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कॅलेंडर बघून नाही. आणि दुपारी दुधीची, काकडीची पानं लुळी पडलेली दिसली की लगेच पाइप घेऊन धावू नका, मोठ्या पानांची झाडं कडक उन्हात अशी मान टाकतातच, संध्याकाळी ताठ झाली तर पाणी पुरतंय, सकाळीसुद्धा लुळी असतील तर मात्र कमी पडतंय.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बिनधास्त वापरा, एसीचं पाणीही चालतं. आरओ फिल्टर जे पाणी बाहेर टाकतो त्यात क्षार जास्त असतात, ते लादी पुसायला ठेवा. वॉशिंग मशिनचं पाणी तर नकोच, साबणातला सोडा हळूहळू माती घट्ट करत जातो.

खाडीकाठच्या लोकांना अजून एक गोष्ट बघावी लागते. आमच्यासारख्या गावांत एप्रिल-मेमध्ये विहिरीची पातळी खाली जाते आणि खाडीच्या बाजूचं खारं पाणी जमिनीतून आत सरकतं, त्यामुळे जी विहीर डिसेंबरात गोड असते तीच मेमध्ये मचूळ लागते. झाडावर ते लगेच दिसतं, पानांच्या कडा करपतात, आळ्याच्या काठावर पांढरी पावडर जमते. अशा वेळी मचूळ पाणी थोडं थोडं रोज देणं म्हणजे रोज चिमूटभर मीठ घालणं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. चार-पाच वेळा विहिरीचं दिलं की एकदा नळाचं गोडं पाणी भरपूर सोडा म्हणजे साचलेले क्षार मुळांच्या खाली उतरतात. नारळ हे पाणी बऱ्यापैकी सोसतो, चिकूही सोसतो, पण लिंबू, फरसबी, गुलाब यांना अजिबात नाही, त्यांच्यासाठी नळाचं पाणी बाजूला काढून ठेवायचं. पाऊस आला की बाकीची सफाई तोच करतो.

पाणी वाचवायचा मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे मातीचा माठ पुरणं. साधा, रंग किंवा पॉलिश न केलेला माठ घ्या, ठाण्यात जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये उन्हाळ्यात सहज मिळतो, घरातला जुना असेल तर तो आधी पाणी भरून बघा, बाहेरून घाम येतो की नाही. माठाची छिद्रं क्षाराने बुजलेली असतील तर घाम येत नाही आणि मग तो पुरून उपयोग नाही. वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरायचा, तोंडावर झाकण किंवा फरशीचा तुकडा ठेवायचा, नाहीतर डास अंडी घालतात, आणि माठापासून फूट-दीड फुटाच्या आत मिरची, वांगी, काकडी काहीही लावायचं. माती सुकली की माठातून पाणी पाझरतं, माती ओली असली की पाझरणं मंदावतं, झाड स्वतःच्या गरजेप्रमाणे घेतं. मध्यम माठ तीन-चार दिवस पुरतो. मेमध्ये गावाला चार दिवस जायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही, शेजारच्या काकींना चावी देऊन पाणी घालायला सांगायची पण गरज पडत नाही.

पाण्याइतकंच महत्त्वाचं आच्छादन. फेब्रुवारी ते एप्रिल आपल्याकडे पानगळ जोरात असते, आंबा, बदाम, फणस सगळ्यांचा पाला पडतो, आणि लोक तो झाडून कोपऱ्यात पेटवून देतात. कृपा करून जाळू नका. भाताच्या रोपांसाठी शेतात पाला-गवत जाळून राब भाजायची पद्धत ठाणे-रायगडमध्ये जुनी आहे ते ठीक, पण परसातला पाला जाळायला काहीच कारण नाही, शिवाय घनकचरा नियमांप्रमाणे उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. तोच पाला झाडांच्या आळ्यात दोन-तीन इंच पसरा, फक्त खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. आंब्याची पानं चिवट असतात, लवकर कुजत नाहीत, म्हणून आच्छादनाला उत्तम. मऊ, बारीक पानं खताच्या ढिगाला ठेवा. भाताचं तूस किंवा पेंढा मिळाला तर भाजीच्या वाफ्यात तो घाला. नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, फेकायची तर अजिबात नाहीत, नारळाच्या बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर चर काढून त्यात खोलगट बाजू वर करून थर लावायचे आणि वर माती लोटायची, पावसाचं पाणी ती धरून ठेवतात आणि पुढच्या उन्हाळ्यात झाडाला देतात. तूस, पेंढा, सोडणं, पाला, यातलं जे फुकट मिळेल ते घ्या, उघडी माती मात्र मेमध्ये कुठेही ठेवू नका.

सावलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. झाड सुकतंय म्हणून कुंड्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला सरकवतात, हिवाळ्यात तिथे दिवसभर सावली असते ना. पण मार्चअखेरपासून सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडे सरकत उगवतो आणि मावळताना पण उत्तरेकडे मावळतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ सरळ ऊन येतं. १५-१६ मेच्या सुमाराला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्यानंतर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारीसुद्धा तो थोडा उत्तरेलाच असतो. तेव्हा जागा ठरवायच्या आधी एक दिवस सकाळी, दुपारी, चार वाजता परसात जाऊन सावली कुठे पडते ते बघा आणि खडूने किंवा काठीने खूण करा. सगळ्यात त्रासदायक ऊन पश्चिमेचं असतं, दोन ते पाचचं, अडवायचं ते. ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट पश्चिमेला उभी बांधली तर वरून झाकण्यापेक्षा जास्त उपयोग होतो आणि वाराही खेळता राहतो. नेट नसेल तर नारळाच्या झावळ्या विणून लावा, आमच्याकडे अंगणातला मांडव झावळ्यांचाच असतो, त्याखाली दुपारी रोपांचे ट्रे, संध्याकाळी माणसं. वाळवणासाठी अंगणाचा एक कोपरा मात्र उघडा सोडा, कुरडया-पापड्यांना ते दुपारचं ऊनच पाहिजे. आणि जिथे वाळवण घालणार त्याच्या आसपास आठवडाभर आधीपासून कुठलीही फवारणी करायची नाही, कडुलिंबाच्या तेलाचीसुद्धा.

आता लावायचं काय. मार्च-एप्रिलमध्ये भेंडी, गवार, चवळी, काकडी, लाल माठ हे हमखास येतं. पालक, कोथिंबीर उन्हात लगेच फुलावर जातात, त्यांच्या नादी लागू नका, कोथिंबीर हवीच असेल तर मांडवाखाली. टोमॅटोला एप्रिलनंतर फुलं येतात आणि गळतात, खत कमी पडतंय असं समजून लोक अजून खत घालतात, पण कारण रात्रीची उष्णता आहे. रात्री २४-२५ अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोत परागीभवन नीट होत नाही, आणि आपल्याकडे मेमध्ये रात्रीसुद्धा २७-२८ असतं. झाड चांगलं असेल तर छाटून जगवा, नाहीतर काढून टाका.

वेलभाज्यांना फुलं भरपूर पण फळ धरत नाही ही तक्रार तर दर उन्हाळ्यात कानावर येते. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, ते चालायचंच, घाबरू नका. मादी फुल ओळखायचं सोपं, फुलाच्या मागे बोटाएवढं छोटं फळ असतं. त्यानंतरही छोटी फळं पिवळी पडून गळत असतील तर मधमाश्या पोचत नाहीयेत, चारी बाजूंनी बिल्डिंगी झाल्यावर असं होतंच. मग हाताने करा. कोणतं फुल कधी उघडतं ते माहीत पाहिजे: काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळी, दुधी, शिराळं आणि पडवळ संध्याकाळी. म्हणजे दुधीचं काम दिवेलागणीला. ताजं नर फुल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. दोन-तीन दिवसांत फळ खाली झुकून फुगायला लागलं की काम झालं. सुट्टीत घरी असलेल्या मुलांना हे काम द्या, एकदा दाखवलं की मोठ्यांपेक्षा नीट करतात.

मोगऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय उन्हाळा पूर्णच होत नाही. मोगरा मार्च ते मे बहरतो पण त्याची तयारी थंडीतच असते, डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करायचं, जानेवारीअखेरीला छाटणी करून जुनी पानं काढायची आणि शेणखत घालून मग पाणी वाढवायचं, की फुटवा आणि कळ्या एकदमच येतात. हे केलं नसेल तरी हरकत नाही, आत्ता करण्यासारखं पण आहे. एक बहर ओसरला की प्रत्येक फुललेली डहाळी शेंड्यापासून दोन-तीन पेरं खाली कापा, कारण मोगऱ्याला कळी नवीन फुटीवरच येते, जुन्या काडीवर नाही. छाटल्यावर मूठभर शेणखत आणि अगदी चिमूटभर लाकडाची राख, वर पाणी, महिन्याभरात दुसरा बहर. ऊन पाच-सहा तास तरी हवं, सावलीतला मोगरा नुसता पानांनी भरतो. नुसतं युरियासारखं खत घातलं तरी तेच होतं. कळ्या संध्याकाळी तोडायच्या, टपोऱ्या पांढऱ्या झालेल्या पण न उघडलेल्या, त्या रात्री घरात उमलतात. चार कळ्या पिण्याच्या माठात, सोबत वाळ्याची जुडी, एवढं तर प्रत्येक घरात झालं पाहिजे.

आंबा असेल तर काठीने बडवून पाडू नका. झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवा, बोटभर देठ राहिला तर चीक फळावर सांडत नाही, चिकाने सालीवर काळे डाग पडतात आणि तिथूनच आंबा सडतो, हाताला लागला तर कातडी पण भाजते. उतरवलेले आंबे तासभर देठ खाली करून ठेवा, मग पेंढ्याच्या अढीत घाला, दोन-तीन थरांपेक्षा जास्त नको, खोलीला हवा पाहिजे. आठवडा-दहा दिवसांत पिकतात. पडलेले, आपटलेले अढीत घालू नका, त्यांचं पन्हं किंवा लोणचं करा, एक सडका सगळी अढी घालवतो. आणि झाडाखाली पडलेले कुजके आंबे रोज उचला, हे खरंच महत्त्वाचं आहे, कारण फळमाशीच्या अळ्या त्या फळातून मातीत उतरतात आणि पुढच्या पिढीच्या माश्या पेरूवर, वेलांवर तुटून पडतात. ती फळं काळ्या पिशवीत घट्ट बांधून दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवायची, मग खड्ड्यात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा मिळाला तर झाडाला एक टांगून ठेवा, नर माश्या त्यात अडकतात.

जांभूळ, फणस, आंबा यांच्या बिया साठवून पावसात लावू असं ठरवत असाल तर नका, त्या सुकल्या की मरतात. खाल्ल्यावर धुऊन दोन-चार दिवसांत पिशवीत लावा. ठाणे स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायांकडची करवंदं-जांभळं खाल्ली की त्यांच्या बियांचाही हाच नियम.

खताचा ढीग मार्चमध्ये लावला तर पावसाच्या तोंडाला निम्मं खत तयार मिळतं. तीन फूट व्यासाचं जाळीचं गोल कडं करा, वेल्डमेश किंवा जुनी कुंपणाची जाळी, आत सुका पाला वीतभर, त्यावर किचनचा ओला कचरा किंवा ताजं गवत पातळ थर, वर शेणाचं पातळ पाणी किंवा आंबट ताक, परत पाला. सुकं नेहमी ओल्याच्या दोन-तीन पट. ओलावा किती ते मुठीत दाबून बघायचं, एखाद-दोन थेंब आले पाहिजेत, धार लागली तर जास्त झालं, कोरडं राहिलं तर ढीग सहा महिने तसाच बसतो. उन्हाळ्यात बहुतेक ढीग कोरडे पडूनच अडतात. पंधरवड्याने वर-खाली करायचा. ढवळताना अंगठ्याएवढी जाड, वेटोळं घालून बसलेली पांढरी अळी दिसली आणि परसात नारळ असेल तर ती वेचून काढाच, ती गेंड्या भुंग्याची असू शकते, तोच भुंगा मोठा होऊन नारळाचा कोंब पोखरतो. पाऊस सुरू व्हायच्या आत ढिगावर ताडपत्री, नाहीतर सगळा कस वाहून गटारात.

जीवामृत करायचं असेल तर २० लिटर पाण्याला १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत झाकून ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत तयार होतं, मग दहापट पाणी घालून ओल्या मातीत द्या. कोरड्या आच्छादनावर ओतून काही होत नाही.

आता पावसाळी लागवडीची तयारी, आणि यात अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त मी खरंच पाळते कारण तो बागेच्या दृष्टीनेही बरोबर आहे. त्या सुमाराला हळद, आलं, सुरण जमिनीत जातात. हळदीचं कोंब आलेलं कुडं दोन-तीन इंच खोल, फूटभर अंतरावर, आंब्याच्या विरळ सावलीत मस्त येते, पानं पिवळी पडून वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत काढायची. हळदीची पानं श्रावणात पातोळ्यांना लागतात तेव्हा पाच-सहा झाडं तरी लावाच. सुरणाच्या कंदाचा डोळा असलेला पावकिलोचा तुकडा राखेत बुडवून दीड फुटाच्या खड्ड्यात, शेणखत भरपूर, हात खाजतो म्हणून ग्लोव्हज. सासूबाई खड्ड्यावर पेंढा घालून वर एक दगड ठेवतात, कोंबड्या उकरत नाहीत.

मोठ्या झाडांचे खड्डे मेच्या सुरुवातीलाच खणा, लिंबू-पेरूला दोन फूट लांब-रुंद-खोल, आंब्याला तीन फूट. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. दोन-तीन आठवडे खड्डा उन्हात तापू दे, किडी, बुरशी, अंडी बरीच मरतात. भरताना वरची माती शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून आधी, खालची मुरमाड नंतर, आणि जमिनीपेक्षा चार बोटं वर भरा कारण पहिल्या पावसात ती बसते, खोलगट राहिलं तर तिथे डबकं होऊन रोपाची मुळं सडतात. भाजीच्या वाफ्यात सूत्रकृमीचा त्रास असेल, म्हणजे उपटल्यावर मुळांवर गाठी दिसत असतील, तर वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरा, कडा मातीने दाबा, चार-सहा आठवडे. काळं नको, पारदर्शकच, आतपर्यंत ऊन त्यातूनच जातं. एप्रिल-मे हेच या कामाचे महिने आहेत.

मिरची-वांग्याची रोपं मेच्या मध्यावर ट्रेमध्ये टाका, २५-३० दिवसांत लावण्याजोगी होतात म्हणजे जूनचा पाऊस बरोबर सापडतो. वेलांचं बियाणं कोकणातल्या हवेचं घ्या, कारण आपली हवा दमट, घाटावरचं बियाणं इथे भुरी-करप्यासारख्या रोगांनी लवकर जातं. कोकण कृषी विद्यापीठाच्या जाती आहेत त्या शोधा: कारल्यात कोकण तारा, शिराळ्यात कोकण हरिता, पडवळात कोकण श्वेता, चवळीत कोकण सदाबहार.

मांडव मेमध्येच उभा करा, वेल चढायला लागल्यावर कोणाच्याने होत नाही. जाड बांबू, जमिनीच्या वर सहा-साडेसहा फूट आणि जमिनीत दीड फूट, पुरायच्या टोकाला डांबर फासा नाहीतर एका पावसात वाळवी-कुजीने जातो. वर आडवे बांबू आणि मध्ये तारेची किंवा नायलॉनची जाळी. सुतळीने बांधलेलं ऑगस्टमध्ये सडून सुटतं, काथ्या किंवा तार वापरा. भरलेला दुधीचा वेल, वरून पावसाचं पाणी आणि जुलैचा वारा हे सगळं त्या चार खांबांवर येतं, तेव्हा कोपऱ्याच्या खांबांना तिरके टेकू द्याच.

मांडवाच्या कामाला बांबूवाला आला की त्याच्याकडूनच पन्हळ बसवून घ्या. छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटरला १ लिटर पाणी मिळतं, म्हणजे १०० चौरस फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटरच्या सरीत ९० लिटरच्या वर, शंभर लिटरचा एक ड्रम जवळपास भरला. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, त्यात छपराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते, मग पाइप ड्रममध्ये, तोंडाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधून. त्याच वेळी परसात पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं ते बघून फावड्याने चर काढा. आजूबाजूच्या सोसायट्यांनी भराव टाकून जागा उंच केल्यात, गावठाणातली जुनी घरं खाली राहिलीत, त्यांचं पाणी आपल्याकडे येणारच. भाजीचे वाफे म्हणून जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफेच करा.

उन्हाळी किडींमध्ये दोन सांभाळा. पिठ्या ढेकूण, जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसतो तो, आधी पाइपच्या जोरदार धारेने उडवा, मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा साबण, पानांच्या खालून, संध्याकाळीच, दुपारी फवारलं तर पानं भाजतात. त्या शेंड्यावर मुंग्यांची रांग असेल तर मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा, त्याच ढेकणांना सांभाळतात. दुसरा लाल कोळी, कोरड्या गरम हवेत वांग्या-भेंडीच्या पानामागे बारीक जाळी दिसते, पानं भुरकट होतात, त्याला पानामागून पाण्याचा फवारा रोज चार-पाच दिवस, बहुतेक वेळा तेवढ्यानेच जातो.

फांद्या कापायच्या असतील तर आधी परवानगी. झाड आपल्या अंगणात असलं तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी लागते. घरावर आलेली, वाळलेली फांदी असेल तर फोटोसकट अर्ज एप्रिलमध्येच टाका, मेमध्ये सगळ्यांचेच अर्ज असतात. कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात नाही. घरी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरतं.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवता ते पसरट भांड्यात, आत एक दगड टाकून म्हणजे मधमाश्यांनाही टेकायला जागा होते. रोज ओतून, घासून परत भरायचं. डासाची अंडी ते डास व्हायला आठवडा पुरतो आणि ठाण्यात डेंग्यू काय करतो ते सगळ्यांनी बघितलंय. कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, नारळाच्या करवंट्या, हे पण मेअखेरीला उचलून टाका.

शेवटचं, पण टाळायचं नाही असं काम म्हणजे विटा, लाकडं, कौलं, पाल्याचे जुने ढिगारे हलवणं. शंखी गोगलगायी तिथेच मातीत दडून बसलेल्या असतात आणि बाजरीच्या दाण्याहून मोठी, पिवळट-पांढरी अंडी पुंजक्याने घालतात, ती आत्ता काढली तर जुलैमध्ये रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचायचं काम निम्म्यावर येतं. सापही तिथेच असतात, घोणस तर सुक्या पाल्यात समोर असून दिसत नाही. म्हणून गमबूट, जाड ग्लोव्हज, आधी लांब काठीने ढीग हलवायचा, हात नंतर, आणि हे काम सकाळच्या उजेडात, मुलांना घरात ठेवून. साप दिसला तर मारू नका, लांब उभं राहून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ ला फोन करा. चावलाच तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही, हातपाय हलवू न देता सरळ १०८ ची अँब्युलन्स आणि सरकारी हॉस्पिटल. हे दोन्ही नंबर परसाच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.